रानटी झुडपे

ती तक्रार मी केली होती, हे बाबांना सांगायला मला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत बाबांनी एका माणसाशी बोलणं टाकलं होतं, आणि त्याने काहीच केलेलं नाही हे घरात फक्त मला माहीत होतं.

हिंगण्याची औद्योगिक वसाहत जिथे संपते तिथे आमच्या घरांचा लेआऊट सुरू होतो. आमचं घर अगदी शेवटचं. मागे आमची भिंत, भिंतीपलीकडे पंधरा फुटांचा रिकामा पट्टा आणि त्यानंतर मसाल्याच्या कारखान्याचं शेड. ज्या दिवशी मिरची दळायची त्या दिवशी गल्लीतली सगळी घरं शिंकायची. आईला दमा आहे. उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि कारखाना आमच्या पश्चिमेलाच आहे.

बाबा नरखेड तालुक्यातले, संत्र्याच्या बगीच्यात वाढलेले. पुढे कंपनीच्या बसने शिफ्टला जाण्यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो पट्टा हाती घेतला. संत्र्याची कलमं लावण्याआधी बगीच्याच्या पश्चिमेला झाडांची रांग उभी करायची, ही त्यांच्या घरची रीत होती. तीच त्यांनी इथे आणली. भराभर वाढते म्हणून आधी शेवरी, तिच्यामागे करंज आणि मधल्या फटींमध्ये अडुळसा आणि कन्हेर. मी एकदा विचारलं, सरळ उंच पत्रे का नाही लावत? ते म्हणाले, "पत्र्यावरून वारा उडी मारते अन् आंगणात येऊन पडते. वाऱ्याले अडवाचं नसते बाप्पा, गाळाचं असते."

आई म्हणायची, "लोकाईचे बगीचे संत्र्याचे राहतात. माह्या नवऱ्याचा मिरचीचा."

तो पट्टा कारखान्याच्या मालकीचा होता. बाबांनी परवानगी मागितली ती मागच्या फाटकावरच्या गार्डला. तो छिंदवाड्याकडचा, बाबांपेक्षा थोडा लहान. "लगा लो भाऊ, साहब पीछे आते ही कहाँ हैं," एवढंच तो म्हणाला. पाण्याचा पाइपही त्यानेच ओढून दिला. आठ वर्षं हे असंच चाललं. संध्याकाळी बाबा पाइपने पानांवरची लाल भुकटी धुवायचे आणि तो फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचा.

"कंपनी का पानी पी के तुम्हारे पेड़ मोटे हो रहे भाऊ, और मैं सूख के काँटा."

"भाऊ, तू गा खुर्चीवर बसून राहतं. झाडं उभे राहतात दिवसभर. मेहनत कोणाची जास्त?"

मी मागच्या दाराशी कपडे वाळत घालत असले की तो म्हणायचा, "बिटिया कुछ बोलती नहीं."

"तिचं सारं इंग्रजीत चालते," बाबा सांगायचे. त्यांच्या आवाजात अभिमान असायचा आणि मी आत निघून जायचे. बारा वर्षं मी धरमपेठेतल्या इंग्रजी शाळेत गेले. तिथे माझी मराठी ऐकून मुली हसायच्या, घरी माझं इंग्रजी ऐकून पाहुणे. त्यामुळे दोन्हीकडे कमी बोलायची सवय लागली. लिहिणं मात्र मला जमायचं.

गेल्या उन्हाळ्याआधी कारखान्यात दुसरी चक्की आली. झाडांच्या आवाक्याबाहेरचं झालं ते. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून आई बसूनच झोपायला लागली. मी नियम शोधले. कारखाना आणि वस्ती यांच्यामध्ये कारखान्याने दाट झाडांचा हरित पट्टा राखायचा असतो, असं त्यात स्पष्ट होतं. मला फार आनंद झाला. कोणाशी बोलायला नको, फाटकावर जायला नको. मी सरकारी संकेतस्थळावर इंग्रजीत तक्रार लिहिली आणि तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवा, या चौकोनात खूण केली.

तक्रार मजबूत व्हावी म्हणून मी त्यात एक वाक्य घातलं. थोडी रानटी झुडपे सोडल्यास सदर पट्ट्यात कारखान्याने काहीही लावलेलं नाही. हे वाक्य लिहिताना खिडकीतून तीच झाडं दिसत होती. ती बाबांची आहेत असं लिहिलं असतं तर दुसऱ्याच्या जागेत लावल्याचं निघालं असतं. मला वाटलं, मी त्यांना वाचवते आहे.

सरकारी ऑफिसातून दोन माणसं येऊन पट्टा मोजून गेली. तीन आठवड्यांनी, सकाळी, जेसीबी आला. गार्डने फाटक उघडून धरलं होतं. बाबा बनियनवरच भिंतीपाशी धावले.

"आठ वर्षं पाणी पाजलं ना गा तूनं? अन् आज फाटक खोलून राहिला?"

"ऊपर से आर्डर है भाऊ. किसी ने शिकायत की है. लिखा है, जंगली झाड़ियाँ हटाओ, नियम से पेड़ लगाओ."

"जंगली? झाडायची शिकायत कोण करन? तूच सांगतलं साहेबाले. पाण्याचं अंगावर आलं असन तुया."

"माँ कसम भाऊ, मैंने नहीं."

शेवरी काडीसारखी मोडली. करंज सहज निघेना, त्याला जेसीबीने दोनदा हात घातला. मी खिडकीतून पाहत होते. दार उघडून चार पावलं गेले असते तर भिंतीपाशी पोचले असते. मी आईच्या खोलीची खिडकी लावली आणि तिच्यावर ओली चादर टांगली.

नंतर तिथे दोन सरळ ओळींत वीतभर रोपं लागली आणि एक हिरवा फलक. नियमाप्रमाणे सगळं झालं होतं. माझी तक्रार निकाली निघाल्याचा मेसेजही मला आला.

गार्ड रोज संध्याकाळी भिंतीपाशी येऊन हाक मारायचा. "भाऊ." बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. एकदा मी कपडे काढायला गेले तेव्हा तो म्हणाला, "बिटिया, तुम बोलो ना उनसे. मैंने कुछ नहीं किया." मी मान हलवली. हो म्हटल्यासारखी. त्याला तेवढ्यानेही बरं वाटलेलं दिसलं. मी कपडे घेऊन आत आले आणि घड्या करत बसले.

मग त्याच्या हाका थांबल्या. थकला असेल, असं मला वाटलं.

आईचा दमा त्या थंडीत फार वाढला. दोन दिवस दवाखान्यात काढून तिला घरी आणलं, त्या दुपारी ताटावर बसल्या बसल्या बाबा म्हणाले, "एका माणसानं कान भरले अन् हिचा श्वास गेला."

मी म्हटलं, "बाबा, तक्रार मी केली होती."

ते जेवायचे थांबले. मी सगळं सांगितलं. रानटी झुडपे हे शब्दही माझेच, हेसुद्धा.

"मग तवाच काहून नाही सांगतलं वं?"

त्यांनी आवाज चढवला नाही. हात धुतले आणि मागच्या भिंतीशी गेले. मी त्यांच्या मागे गेले. सात महिन्यांनी त्यांनी हाक मारली, "भाऊ! ओ भाऊ!"

एक तरुण गार्ड आला. "पुराने वाले गार्ड? वो तो कब के गए, अंकल. एजन्सी बदल गई. पुराने सब निकाल दिए."

"कुठं गेले?"

"क्या पता. गाँव गए होंगे."

त्याच्याकडे नंबर नव्हता. बाबांकडेही नव्हता. हाक मारली की ऐकू जायची, नंबर कशाला लागणार होता?

बाबा माझ्याकडे वळले. "तुया कंप्यूटरवर भेटन का?"

"भेटेल कदाचित," मी म्हटलं. "नाव सांगा. आडनावही लागेल."

ते परत त्या रोपांकडे वळले.

"नाव..." ते म्हणाले. "मी त्याले भाऊच म्हणत होतो."