कन्हानची मीटिंग

आमच्या सक्करदऱ्याच्या नालीत पडलेलं मला अख्ख्या मोहल्ल्यानं पाहिलं होतं. एकदा तर दूधवाल्यानं सकाळी उचलून घरी आणून टाकलं. त्याची लाज वाटली नाही. लाज कशाची वाटली, तर दारू सोडायच्या मीटिंगला जाताना कोणी पाहील याची. आहे की नाही अक्कल?

पत्ता बायकोनं शोधला. दवाखान्याच्या भिंतीवर कागद चिकटवला होता, त्यावरून तिनं तो उतरवून घेतला आणि सकाळी माझ्या डब्यावर चिठ्ठी ठेवली. तिचं बोलून कधीच संपलं होतं. घरापासून दहा मिनिटांवर एका शाळेची खोली. गेलो, तर फाटकातून माझ्या पोराचे गणिताचे मास्तर आत शिरताना दिसले. बाप्पा! मी तिथूनच गाडी वळवली. मास्तर तिथं कशासाठी गेले असतील, हे माझ्या डोक्यात शिरायला दोन महिने लागले.

मग मी लांबची, कन्हान गावातली मीटिंग धरली. दर गुरुवारी इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानातून मालकाला सांगून लवकर निघायचो. कामठीवरून तासभर गाडी हाणायची, कोळशाच्या ट्रकांची धूळ खायची. पण तिथं मला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. एका हॉलमध्ये सतरंजी, चहा, पंधरा-वीस माणसं, बहुतेक खाणीत काम करणारी. ज्याची पाळी आली त्यानं आपलं सांगायचं, मधे कोणी बोलायचं नाही, आणि तिथलं बाहेर न्यायचं नाही.

सुरुवातीला मी वरवरचं सांगत होतो. पाचव्या-सहाव्या खेपेला मात्र तोंडून निघून गेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, घरी मटण शिजत असताना, तेव्हा बारावीत असलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या हातात पहिला ग्लास मी दिला होता. तो नको म्हणत होता. "अबे, पोरगी आहे का तू?" असं मी चारचौघांत म्हटलं, सगळे हसले, आणि तो प्यायला. आता तो मी प्यायचो त्याहून जास्त पीत होता. एवढं सांगून मी रडलो. बाजूच्या म्हाताऱ्यानं चहा पुढे सरकवला. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी हलकं वाटलं. मग मी ते दर गुरुवारी सांगायला लागलो.

सहा महिने झाले असतील. एका दुपारी भाऊ दुकानात आला. दाढी केलेली, धुतलेला शर्ट, आणि तोंडाला वास नाही. म्हणाला, "दादा, तू पिऊन नाही राहिला. गुरुवारी कुठी जाऊन राहिला गा? मले बी ने ना."

शहाण्या माणसानं काय केलं असतं? त्याच घडीला त्याला गाडीवर बसवलं असतं. मी घाबरलो. हा सतरंजीवर बाजूला बसला, तर याच्यासमोर ती करीची गोष्ट सांगू कशी? आणि सांगितली नाही, तर जाऊ कशाला? मी मोठ्या भावाचा आवाज काढला. "एका घरचे दोघं नाही चालत तिथं. नियम आहे." साफ खोटं! असा कुठलाच नियम नव्हता. आमच्याच मीटिंगला एक बाप-लेक मांडीला मांडी लावून बसायचे.

"तू आपली सक्करदऱ्याची धर," मी म्हटलं. जिथून मी स्वतः पळालो होतो ती!

"एकट्यानं नाही जमत गा दादा."

"काहून नाही जमत? मी नाही का गेलो एकटा?"

तो थोडा वेळ घुटमळला आणि गेला. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

तो कुठल्याच मीटिंगला गेला नाही. मी दोनदा फोनवर विचारलं. "जाईन," म्हणाला. मग मी विचारणंही सोडलं. या गोष्टीला तीन वर्षं झाली. मी अजून पीत नाही, कन्हानला जातो, लोक माझं कौतुक करतात. त्याचं लिव्हर गेलं. पोटात पाणी भरतं, ते दवाखान्यात उचलून नेऊन काढावं लागतं.

मागच्या रविवारी सकाळी त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी गेलो. त्याची बायको पाणी देऊन आत गेली. मी खाटेजवळ बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. "नियम-बियम काही नव्हता. खोटं बोललो मी. तुले पहिला ग्लास मी देला, हे मी तिथं सांगत होतो. तुह्यासमोर सांगायची हिंमत नाही झाली."

वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यात सांगायचं काय आहे?" तो म्हणाला. "मी होतोच ना तिथं." मग दम खाऊन म्हणाला, "म्हणूनच तर तुह्याकडं आलो होतो. तुह्यासंग सुरू केली, तुह्यासंगच सोडीन म्हटलं."

मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "आता चाल. येत्या गुरुवारी. मी ऑटो करतो, थेट दारापर्यंत नेतो."

"आता जिना नाही उतरवत गा दादा," तो म्हणाला.