साडेसहा सिलिंडरची गाडी

माणूस, कलिंगड, लोखंडी कपाट आणि क्रांती या चार गोष्टी एकाच मापाने मोजणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेल तर कांदिवलीत चारकोपला या, आमची आत्या दाखवतो. जगातलं कुठलंही वजन ती भरलेल्या गॅस सिलिंडरमध्ये सांगते. "किलो काट्याला कळतो, सिलिंडर कमरेला," असं तिचं म्हणणं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, गॅसवाला सिलिंडर खालीच ठेवून जायचा आणि आत्या तो एकटीने तिसऱ्या मजल्यावर न्यायची, त्यामुळे या मापावर तिचा हक्क आहे असं मीही मानतो. ती स्वतः दोन सिलिंडर, मी अडीच. कुणाकडे बारशाला गेली तर बाळ हातात घेऊन, डोळे मिटून, "दहावा हिस्सा. चांगलं आहे हो," असा निकाल देऊन मोकळी होते. आमच्या घरात मुलं पाटीआधी पत्रकं हातात घेतात, कारण बाबा कामगार संघटनेचे. मी कॉलेजात असताना स्वतः लिहिलेल्या पहिल्या पत्रकाचा गठ्ठा अभिमानाने तिच्या हातात दिला होता. तिने तो वरखाली केला आणि म्हणाली, "पाव सिलिंडर. एवढ्याशा क्रांतीला दोन पोरं कशाला लागतात रे उचलायला?"

तर या आत्याने गेल्या दिवाळीनंतर, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, बावीस वर्षं चालवलेली स्कूटर देऊन टाकली आणि एक दणदणीत मोटरसायकल घरी आणली. काळी, जुनी, एकाच मालकाने वापरलेली आणि साडेसहा सिलिंडर वजनाची. कारण विचारलं तर म्हणाली, "जन्मभर कुणाच्या तरी मागे बसून गावाला गेले. आधी भावाच्या, मग भाच्याच्या. या शिमग्याला माझी मी जाणार." गाव मालवणच्या बाजूला, म्हणजे मधे घाट. आणि घाटाचा विचार करून तिने स्वतःलाच एक अट घातली: आडवी पडलेली गाडी एकटीने उभी करता येईपर्यंत कांदिवली सोडायची नाही, आणि शिमग्यापर्यंत जमलंच नाही तर चावी माझ्या बाबांना देऊन टाकायची. बाबांनी तेव्हापासून हेल्मेटचे भाव विचारायला सुरुवात केली होती, हे मी इथे जाहीरपणे नोंदवून ठेवतो.

मोठ्या गाडीच्या वजनाची सवय कशी करतात? लोक ती चालवून करतात. आत्याने ती संसार करून केली. पहिले पंधरा दिवस गाडी सुरूच केली नाही. कारखान्यातून आली की पार्किंगमध्ये गाडीवर बसायची, स्टँड काढायची, दोन्ही पाय जमिनीला लावायची आणि टाकीवर पेपर पसरून मेथी निवडायची. सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले आणि त्यांनी विचारलं, "मॅडम, हे काय?"

"ओळख करून घेतेय."

"गाडीशी?"

"मग काय तुमच्याशी? सून घरात आली तरी सहा महिने लागतात की नाही? ही तर साडेसहा सिलिंडर आहे."

मेथीनंतर गवार झाली, गवारीनंतर वालाचं बिरडं सोलून झालं, आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण गाडी धरलेली आहे हेच आपण विसरलो होतो. त्या दिवशी तिने शेजारच्या चार घरांत बिरडं वाटलं. पुढची पायरी फिरवण्याची. म्हैस पाण्यावर न्यावी तशी ती गाडी हाताने ढकलत इमारतीभोवती फिरवायची, आणि वाटेत मला शिकवायची, "सिलिंडर कधी उचलत नाहीत रे. तिरका करायचा, कडेवर आणायचा, की तो आपणहून चालतो. हिचीही तशी एक जागा आहे. तिथे आणली की वजन जातं कुठे कुणास ठाऊक!" मी हात लावून बघितला. खरंच, एका विशिष्ट कोनात ते धूड एका बोटावर उभं होतं. त्या कोनाच्या एक इंच पलीकडे मात्र ते माझ्या पायावर होतं. आठवडाभर लंगडत होतो.

रविवारी औद्योगिक वसाहतीतले रस्ते रिकामे असतात. तिथे ती इंग्रजी आठचा आकडा काढत चालवायला शिकली, आणि महिन्याभरात इतकी झकास चालवू लागली की टपरीवरची पोरं "आत्या, एक राउंड!" म्हणून ओरडायची. अडत होतं ते एकाच ठिकाणी. सतरंजी अंथरून, गाडी तिच्यावर अलगद आडवी करून, ती उचलायला जायची आणि गाडी ढिम्म. हँडल दोन्ही हातांनी धरून ओढायची, चेहरा लाल व्हायचा, गाडी वीतभर वर यायची आणि परत खाली. सेक्रेटरी वरच्या गॅलरीतून सांगायचे, "मॅडम, ही पुरुषांची गाडी आहे." हे ऐकून माझं रक्त उसळायचं. स्त्रीच्या श्रमाचा पुरुषी अपमान या विषयावर मी त्याच आठवड्यात दोन पानी पत्रक लिहिलं होतं. ते तिला वाचूनही दाखवलं. "छान आहे. आता मागून जरा बाजूला हो," ती म्हणाली.

मग शिमग्याला आठ दिवस उरले असताना गाडी खरोखरची पडली. सोसायटीच्या गेटपाशी वळताना पुढचं चाक वाळूवरून घसरलं आणि आत्या उडी मारून सुटली, पण गाडी उजव्या कुशीवर धाडकन आडवी. क्षणात गर्दी. वॉचमन धावला, सेक्रेटरी धावले, दोन रिक्षावाले धावले, आणि सगळ्यांच्या पुढे कोण धावलं? दोन पानी पत्रकाचा लेखक. माझे दोन्ही हात हँडलवर पोचलेसुद्धा.

"मेल्या, हात लावशीत तर तोडून ठेवीन!" आत्या गरजली. "सगळ्यांनी गप रवा!"

मी हात मागे घेतले. आयुष्यात इतकी अवघड गोष्ट मी केलेली नाही. पत्रक लिहायला अक्कल लागते, हात खाली ठेवायला छाती लागते. आत्या गाडीभोवती एक चक्कर मारून आली. मग माझ्याकडे वळून एकदम म्हणाली, "घराला रंग काढताना कपाट कसं हलवलं होतं मी?"

"पाठीने," मी म्हणालो. बाबा आणि मी समोरून ढकलून दमलो होतो तेव्हा तिने कपाटाला पाठ लावून, पाय रोवून ते सरकवलं होतं.

तिने गाडी गिअरमध्ये टाकली, साइड स्टँड बाहेर काढला आणि सगळ्यांदेखत गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला टेकून खाली बसली. एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला. "चल गो बाय," एवढंच म्हणाली आणि उलट्या पावलांनी, भाताच्या चिखलात चालावं तशी, एकेक पाऊल मागे रेटत गेली. गाडी उठली. कुरकुरत, पेट्रोल गाळत, पण उठली, आणि स्टँडवर जाऊन निमूट उभी राहिली. मग सेक्रेटरींनीच पहिली टाळी वाजवली, आणि तेवढ्यासाठी त्यांच्यावरचं माझं पत्रक मी अजून छापलेलं नाही. बाबांनी त्याच संध्याकाळी हेल्मेट आणलं. तिच्या मापाचं.

शिमग्याच्या आधी दोन दिवस, उजाडता उजाडता ती निघाली. मी खाली आलो होतो, मागची सीट रिकामी आहे हे मुद्दाम दिसेल अशा ठिकाणी उभा राहिलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, हसली, मान हलवली. "तू अडीच सिलिंडर आहेस रे. पुढच्या वर्षी." गाडी कोपऱ्यावरून वळली आणि पार्किंगच्या त्या जागेत मला मेथीची एक वाळकी काडी तेवढी सापडली.

दुपारी घाटातून तिचा फोन आला. चहाला थांबताना खडीवर गाडी एकदा पडली होती म्हणे. पाच बापये गडी धावत आले, तिने पाचांना दटावून लांब केलं, आणि उचलली. "पण गुडघा दुखता हां," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "एक दिवस नाही उचलवणार माझ्याने. कळतं मला. त्या दिवशी मी हाक मारीन. पण मी मारीन रे, कळलं ना?"

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. काळी गाडी आडवी पडलेली दिसली, आणि तिच्याकडे पाठ करून एक बाई खाली बसलेली दिसली, तर धावू नका. दोन पावलांवर थांबा, हात खाली ठेवा आणि कान उघडे. तिने हाक मारली, तर मात्र माझी वाट बघू नका.