सुखदेवच्या तेरवीत सुखदेवच वाढायला

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. दोन महिने हा मजकूर अर्धवट मोबाइलमध्ये पडून होता. मी लिहायचो आणि तिकडे सुखदेवला काही व्हायचं, या भीतीने बोट पुढे सरकत नव्हतं.

सुखदेव माझा कापसाच्या जिनिंगमधला जुना सोबती. हल्ली परतवाड्याजवळ गावी झेंडू आणि वांगी पिकवतो. एक दिवस त्याचा फोन आला.

"वसंता, माही तेरवी हाय. येजो."

मला वाटलं, उन्हाने याचं डोकं फिरलं.

"मेल्यावर तुमी सारे येसान, बुंदी खासान, माह्यासाठी चांगलं चांगलं बोलसान. अन् मीच नसीन. म्हणून आताच करून राहिलो. तुले बोला लागते."

जित्या माणसाच्या तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला, जावं का, अपशकुन होईल का, भाषण कसं जमेल, मी तर सातवी शिकलेला. बायको म्हणाली, "खऱ्या तेरवीले जाच लागन, तं आता गेलं तं काय बिघडते?" तेरवीला घरच्यांसाठी दुपट्टा, म्हणजे खांद्यावरचं उपरणं, न्यायची रीत आहे, म्हणून घेतला. कोणाच्या खांद्यावर टाकायचा, हे मात्र कळेना.

अकोल्याहून अकोटमार्गे जवळ पडतं, पण त्या रस्त्याला धक्के फार, म्हणून मी कंबरेसाठी अमरावतीवरून गेलो. पंचाहत्तरीनंतर एसटीला तिकीट नाही. आधार कार्ड जवळ ठेवा. मी चार वेळा खिसा चाचपला. मूर्तिजापूर आलं. इथल्याच जिनात मी विशीत तापाने फणफणलो होतो. त्या दिवशी गाड्या बंद होत्या. सुखदेवने मला दुपट्ट्याने आपल्या पाठीला बांधलं आणि सायकलवर अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. पन्नासहून जास्त वर्षं झाली. त्याबद्दल एक शब्द मी कधी बोललो नाही. आज बोलायचं ठरवून निघालो होतो.

अमरावतीला स्टँडजवळ दह्या-चटणीतला गिला वडा खाल्ला. डॉक्टरांना सांगू नका. पुढे परतवाड्यापर्यंत दीड तास बस, मग काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही. घाई असेल तर दोन जागांचे पैसे द्या.

शेजारच्या बाईने विचारलं, "कोठी चालले आबाजी?"

"तेरवीले."

"कोन वारलं?"

"अजून कोनी नाई."

ती थोडी पलीकडे सरकली.

मांडवात सुखदेव स्वतः पंगतीत वांग्याची भाजी वाढत होता. जेवणं झाली. माझ्या हाती माइक आला. खिशातली भाषणाची चिठ्ठी घामाने भिजलेली. इतक्या शोकसभा ऐकल्यात की तोंडातून सवयीने निघालं, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू."

अख्खा मांडव उभा राहिला. सुखदेवही उभा राहिला, हात जोडून, मान खाली.

ती दोन मिनिटं मी विसरणार नाही. मागे मोठ्या पातेल्यावर झाकण वाजत होतं. त्याच्या छातीची घरघर मला ऐकू येत होती. एक दिवस हीच शांतता असेल, आणि दोघांतला एक जण उभा नसेल. नेहमी या विचाराने मला घाम फुटतो. त्या दिवशी नाही फुटला. तो समोर श्वास घेत होता, हे पुरेसं होतं.

"झाले का रे दोन मिनिटं?" सुखदेव म्हणाला. "माहे पाय दुखून राहिले."

सगळे हसले. मग माझं तोंड उघडलं. सायकल, ताप, पाठीची गाठ, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "तू नेलं म्हणून मी हाओ. माहे लेकरं, नातवंडं, सारं त्याच्या मांगचं." आणि दुपट्टा त्याच्याच खांद्यावर टाकला.

त्याने त्या दुपट्ट्यानेच डोळे पुसले. म्हणाला, "आता पाठीले बांधाले मी नाई पुरत बावा. तुयी तेरवी कधी?"

घरी आल्यावर गुडघे आठ दिवस बोलत होते. काळजी गेली असं नाही. रात्री दाराची कडी अजून दोनदा पाहतो. पण सकाळी डोळा उघडला की आधी बरं वाटतं, मग काळजी सुरू होते. आधी हे उलट होतं.

सुखदेव, तुझी सून तुला हे वाचून दाखवेल. बायको म्हणते, माझी तेरवी दिवाळीनंतर करू. वांगी इकडच्या बाजारातूनच घेऊ. दुपट्टा आणू नको, नुसता ये. येतोस की नाही, तेवढं लवकर कळव. माझा स्वभाव तुला माहीत आहे.