अंकलच्या पुडिंगची थंडी

उभ्या शारजात खरी थंडी पडते ती फक्त आमच्या शेजारच्या अंकलच्या स्वयंपाकघरात. हे मूळचे वसईचे. दुबईत एका इंग्रज कुटुंबाकडे वर्षानुवर्षे कुक होते, आता इथल्याच रोल्ला भागात राहून एका कॅन्टीनसाठी भात शिजवतात. पण नाताळ महिन्यावर आला की भाताचं भान सुटतं. एसी सोळावर टाकायचा, माकडटोपी चढवायची आणि नाताळच्या पुडिंगात घालायची बोकडाच्या गुर्द्याभोवतीची पांढरी चरबी घेऊन बसायचं. तिच्यावरचा पापुद्रा ते इतक्या हळुवार सोलतात, की जणू तान्ह्या बाळाचं झबलं काढत असावेत. मग ती फ्रीझरमध्ये घट्ट करून, मैदा भुरभुरून, सुरीने बारीक चिरायची. जरासुद्धा पाघळता कामा नये, म्हणून मधूनमधून बोटं बर्फाच्या पाण्यात. तेवढ्यात कुणी दार उघडं टाकलं तर, "यल्ला, बंद कर! अख्खं वाळवंट आत येतंय!"

एकदा माझ्या बायकोने मदत म्हणून ती चरबी घरी आणली आणि लोणी कढवावं तशी छान कढवून, गाळून, बरणीत भरून दिली. अंकल बरणीकडे बघतच राहिले. "वहिनी, खलास! हे कण पुडिंग वाफेवर असताना विरघळायचे असतात. आधीच विरघळले तर पुडिंगचा दगड होणार. आणि यंदा बेबी येणार आहे हो!" लगेच पिशवी घेऊन पुन्हा खाटकाकडे निघाले.

बेबी म्हणजे त्यांची लेक, इंग्लंडात नर्स आहे. लहानपणी या पुडिंगसाठी हटून बसायची. दर वर्षी फोनवर सांगते, "धिस इयर फॉर शुअर, डॅडा. कीप माय पुडिंग." अंकल "इन्शाल्ला" म्हणतात आणि तिचं पुडिंग कपाटात ठेवतात. ते वर्षभर टिकतं. पुढच्या नाताळात ते आम्हालाच खावं लागतं. चव उत्तम असते, पण ते बेबीचं असतं.

यंदा तिने कुणाबरोबर तरी तयार चिरलेल्या चरबीचं पाकीट पाठवलं, डॅडांना त्रास नको म्हणून. अंकलनी ते न फोडताच फ्रीजवर ठेवलं आणि माकडटोपी चढवली.

"अंकल, कशाला हा खटाटोप?" मी म्हटलं. "तिकडे दुकानात आयतं मिळतंय की."

सुरी थांबली. "तेच तर, बाबा. तिकडे सगळं मिळतं. मग ती इथे येणार कशाला?"

मी उठलो, दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि मैदा भुरभुरायला त्यांच्या शेजारी बसलो. बेबी, ये गं बाई एकदाची.