विहारातला गिअर

लेथवर आटे पाडायला उभा राहिलो आणि गरम तेलाचा वास सुटला, की आरमोरीजवळच्या एका विहारासमोरचं निंबाचं झाड आठवतं. बंद पडलेल्या राइस मिलमधून मी ती जुनी लेथ ब्रह्मपुरीला आणली होती, पण आटे पाडायचा गिअरच गायब. बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली, भंगारवाल्यांकडे खेटे घालून चपला झिजल्या. शेवटी मिलचा जुना चौकीदार म्हणाला, "तो आमच्या गावच्या विहारात घंटा म्हणून टांगला हाये जी." गेलो, तर खरंच, निंबाच्या फांदीला तारेनं बांधलेला. विहाराची देखभाल करणाऱ्या बाई झाडता झाडता थांबल्या. "न्या ना भाऊ, तुमच्याच कामाचा हाये. पण सांजच्या वंदनेले लोकायले बलावू कायनं?" मग त्याच म्हणाल्या, "सकाळी न्या, वंदनेच्या आधी आणून द्या." दुसऱ्या दिवशी ओतकामवाल्या चाचांनी वाळूत त्याचा ठसा घेतला आणि ऊन उतरायच्या आत मी गिअर परत फांदीला बांधला. बाईंनी आधी एक टोला देऊन पाहिला, मगच हसल्या. नवा गिअर ओतून आला, तेव्हा इतक्या वर्षांच्या टोल्यांनी एका दाताची उठलेली कडही त्यात जशीच्या तशी उतरली होती. बाकीचे दात मी कानशीनं साफ केले, तो मात्र तसाच ठेवला. त्यामुळे आटे पाडताना दर फेऱ्याला एकदा टक् असा आवाज येतो. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "काही बिघडलं का जी?" मी म्हणतो, "नाई, वंदनेले बलावून राह्यले."