मापाला दिलेली चप्पल

ऐका, पण हातातला चहा अगोदर पिऊन घ्या. मागं हेच सांगत होतो तेव्हा एकाला ठसका लागला, सगळे त्याची पाठ चोळत बसले, अन् माझी चूक राहिली बाजूला. चूक काही लहान नव्हती. चांगली नऊ नंबरची होती.

मी शाळेत गेलो नाही. हे मी सांगतो अन् नात लिहून घेते. जन्मभर कंधारच्या मोंढ्यात पोती वाहिली, त्यानं माझे पाय फावड्यासारखे पसरले. आता काम होत नाही, म्हणून दिवसभर खाजाच्या दुकानात बसून असतो. खाजा टेलर. माझ्याच वयाचा, अंगानं चिमणीएवढा. साखरेच्या आजारात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. तेव्हापासून काखेत कुबडी अन् उजव्या पायात एकटी चप्पल. मशीन एका पायानं चालवतो, जीभ मात्र दोन्ही पायांनी पळते.

त्याची धाकटी पोरगी शबाना. तिचा निकाह ठरला अन् खाजानं एकच धरून ठेवलं.

"मारोत्या, वरात दारात येईल तवा मी कुबडीवर न्हाई उभा राहणार. पोरीचा बाप दोन पायांवर दिसला पायजे."

"हाव, पण दुसरा पाय आणायचा कुठून?"

तर तो पाय नांदेडला निघाला. तिथं एक सेवा क्लब आहे. कधी डोळे तपासतात, कधी रक्त घेतात, कधी शाळेला पंखे देतात. त्यांनी नकली पायांचं शिबिर ठेवलं होतं, फुकट. आज माप द्यायचं, महिन्याभरानं पाय न्यायचा. शबानाला हे कळलं तशी ती बाजारात जाऊन बापासाठी जरीची मोजडी घेऊन आली. पाय गेल्यापासून त्या घरात बापासाठी नवी चप्पल आली की एक पायात जायची, दुसरी माळ्यावर. "अब्बा, या टायमाला दोन्ही वापरायच्या," ती म्हणाली. खाजा मोजडीकडं बघत राहिला अन् मग उगीच मशीनला तेल घालायला बसला.

मापाच्या दिवशी आम्ही दोघं नांदेडला गेलो. काय गर्दी. किनवटकडची माणसं, देगलूरकडची माणसं. क्लबातले लोक एकाच रंगाची जाकिटं घालून पळून राहिले होते. ज्यांच्या दुकानाच्या पायरीवर मी कधी टेकलो नसतो, असले शेठ लोक म्हाताऱ्यांना रिक्षातून उचलून आत नेत होते. मला वाटलं, एवढी मोठी माणसं, आपणही जरा नीट दिसावं. मी टोपी सरळ केली.

खाजाला पडद्याआड नेलं, पायाचा साचा काढायला. त्याची चप्पल दाराशी राहिली अन् मी राखणीला. तेवढ्यात गळ्यात बिल्ला घातलेल्या एक मॅडम आल्या.

"काका, आतल्या पेशंटची चप्पल दाखवा बरं."

मी खाजाच्या चपलेकडं बघितलं. अंगठा तुटलेला, तारेनं बांधलेला. टाच झिजून पापडासारखी झालेली. अन् माझ्या पायात जावयानं दिवाळीला घेतलेली कोरी चप्पल. आता माझं डोकं कसं चाललं बघा. मला वाटलं, हे लोक चप्पल बघून माणूस जोखणार. असली चप्पल बघितली तर म्हणतील, याला काय, कसलाही पाय चालतो. चांगली बघितली तर पायही चांगला देतील.

मी माझी उजवी चप्पल काढली अन् पुढं केली. खाजाची ढकलली पिशवीत.

मॅडमनी चप्पल उलटी करून तळ बघितला. "नऊ नंबर? काका, ते तर एवढेसे आहेत. ही त्यांचीच ना?"

बघा, इथं देवानं मला एक दार उघडून दिलं होतं. मी ते लावून घेतलं.

"हाव मॅडम, त्याचीच. टेलर हाय तो. मशीन हाणून हाणून पाय वाढला."

मॅडमना घाई होती, दाराशी रांग होती. "बरं," म्हणाल्या अन् गेल्या. मी मनात म्हणलं, मारोती, मैतराची इज्जत राखलीस. खरं सांगू का? मला मैतराच्या चपलेची लाज वाटली होती. तिलाच मी इज्जत म्हणत होतो.

निकाहाला आठवडा राहिला तेव्हा पाय न्यायला परत गेलो. त्या दिवशी मांडव होता, हार होते. अध्यक्ष साहेब लई वेळ बोलले. आज आपले बांधव स्वतःच्या पायांवर उभे राहतील, म्हणाले. टाळ्या झाल्या. मग खाजाला नवा पाय बांधला अन् दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं.

उभा राहिला हो. पडला नाही, डुलला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खाजानं खाली बघितलं. उजवा पाय बघितला, डावा बघितला. परत उजवा बघितला.

"मारोत्या, इकडं ये जरा. मला दिसतंय तेच तुला दिसून राहिलं का?"

उजवीकडं चिमणीचा पाय, डावीकडं हत्तीचा. पाय बसवणारा माणूस म्हणाला, "सहाच्या जागी नऊ? हा नंबर दिला कुणी?"

मॅडम आल्या. त्यांनी मला ओळखलं. "अहो, या काकांनीच चप्पल दाखवली होती." अन् मग सगळ्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. पायांत तीच चप्पल. मी पाय खुर्चीखाली ओढले, पण असले पाय लपवायला खुर्ची पुरत नाही, बाजच लागते. त्या माणसानं माझी डावी चप्पल काढून खाजाच्या नव्या पायात घातली. अशी बसली, जशी चांभारानं माप घेऊन शिवली.

खाजा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "मी जन्मात कुणाचा सदरा ढगळ शिवला न्हाई रे. मलाच ढगळ मिळाला. साहेब, आतल्या बाजूनं दुमडून टीप मारता येत न्हाई का?"

तसं येत नव्हतं. सहाचे पंजे संपले होते. पुढच्या शिबिरात बदलून देऊ, म्हणाले, तोवर यानं चालता येईल, फक्त जपून. बसमध्ये उस्माननगर येईपर्यंत खाजा नव्या पंज्यावर रुमाल टाकून बसला. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी शबाना दारातच मोजडी घेऊन उभी. उजवी सुळकन गेली. डावीत पंजा अर्धाच गेला अन् अडकला. तिनं दोनदा रेटून बघितलं. मग "राहू दे अब्बा, चप्पल बी चांगली दिसते," म्हणाली अन् चहा ठेवायला आत गेली. चहा लई वेळानं आला.

मी म्हणलं, "खाजा, मी नऊची मोजडी आणतो. उजवीत चिंध्या कोंबू."

"पोरीनं आणलेली ठेवून दुसरी घालू? त्याच्यापेक्षा तुझी चप्पल दे. अन् ऐक, तिची मोजडी निकाहात चालली पायजे. माझ्या पायात न्हाई तर तुझ्या पायात."

"अरे, माझा पाय तिच्यात कसा जाईल?"

"ते माप देताना इचारायचं व्हतं, मारोतराव."

मारोतराव म्हणाला. म्हणजे राग होता.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. शेवटी सांगितली तर तुम्हाला हसू येणार नाही. पुढं क्लबानं शब्द पाळला, खाजाला सहाचा पंजा बसवून दिला. पण तोवर माझ्या पायांनी त्या मोजडीची पार वाट लावली होती. खाजानं टाके घालून बघितले. चामडं एकदा फाकलं की फाकलंच. ती मोजडी आता दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. माझ्या बसायच्या जागेच्या बरोबर समोर.

तर निकाहाचा दिवस. वरात आली अन् खाजा दारात उभा. नवी शेरवानी, कुबडी नाही, पायांत माझी चप्पल, उजवीत चिंध्या. एक हात माझ्या खांद्यावर. शबाना आतल्या पडद्याआडून बापाला बघत होती. अन् मी? बोटं मोजडीत कोंबलेली, टाचा बाहेर लोंबलेल्या. एक पाऊल टाकलं की कळ मस्तकात. लोक खाजाला मुबारक देत होते अन् मी त्याच्याशेजारी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो, उन्हात उभ्या कोंबड्यासारखा.

खाजानं क्लबाच्या अध्यक्षांनाही बोलावलं होतं. ते आले, खाजाला गळामिठी दिली. "वा, ताठ उभे आहात." मग त्यांची नजर माझ्यावर आली. मी खुर्ची गाठायला चार पावलं टाकली, तीही लंगडत. साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी येऊन माझा दंड धरला, हळूच खुर्चीत बसवलं अन् कानाशी वाकून म्हणाले,

"काका, लाजायचं नाही. तुमचा कोणता पाय? पुढच्या शिबिरात नाव घालतो."

मी मोजडीतनं बोटं सोडवायला वाकलो. मागून खाजा आला, माझ्याच चपलेवर, टाप टाप वाजवत. पाय आणल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू होतं.

"साहेब, मारोत्याचे पाय दोन्ही सलामत हायेत. डोक्याचं शिबिर भरवलं तर पयलं नाव याचं घाला. फक्त मापाला टोपी याचीच घ्या."