कोबा ठोकणाऱ्या बायकांचं गाणं

माझं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. म्हणून दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा भिलाईच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजून बजावलं, "जिवाला घोर लावून घेऊ नका. वाढतोय हा." घोर लावून घ्यायचा नाही म्हणजे काय करायचं, ते सांगितलं नाही. नर्सनं मात्र नाडी मोजायला शिकवलं. यजमानांचं घड्याळ समोर ठेवून मी रोज दोनदा मोजायची आणि वहीत मांडायची. पहिल्या आठवड्यात आकडा एकदाही शंभराच्या खाली आला नाही.

आमच्या समोरच्या ओळीतली बारा क्वार्टर्स अजून पुरी व्हायची होती. तिथे छत्तीसगढी बायका जमिनीचा कोबा ठोकायच्या. नऊजणी ओळीनं बसत, प्रत्येकीच्या हाती लाकडी थापी. एकजण गाण्याची ओळ टाकायची, आठजणी उचलायच्या आणि नऊ थाप्या एकदम पडायच्या. सासूबाई नागपूरकडून माझ्यासाठी आल्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी खिडकी लावून टाकली.

"मजुरणींचे गाणे हायेत ते. पोटातल्या लेकराले कान असतेत."

"मंग आयकू द्या ना त्याले," मी म्हटलं.

"तोंडाले तोंड देऊ नको. पोथी आयक."

पुढचे सहा दिवस पोथी ऐकली. एकशे दोन, एकशे चार, पुन्हा एकशे दोन. सातव्या दिवशी दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी खिडकी उघडली आणि अर्धा तास बसले. अठ्ठ्याऐंशी. योगायोग असेल म्हणून पुढचे चार दिवस तेच केलं. नाडी नव्वदच्या वर गेली नाही. वहीत त्या आकड्यांपुढे 'गाणं' असं लिहून ठेवलं.

त्यानंतरच्या दिवशी गाणं नव्हतं. थाप्या पडत होत्या, पण एकीची आधी, दुसरीची मागून, पत्र्यावर गारा पडाव्यात तशा. नाडी एकशे आठ आणि पोट दगडासारखं. मागच्या खेपेला असंच सुरू झालं होतं. तासभर कुशीवर पडून राहिले. पोट सैल झालं तशी चपला घातल्या आणि समोर जाऊन मुकादमाला विचारलं, गाणं का बंद?

"साहब बोल के गए हैं. बाईसाहब की तबियत ठीक नहीं, गाना बंद रखो."

सासूबाईंनी मुलाला सांगितलं, मुलानं मुकादमाला. मला कोणी विचारलं नव्हतं.

"वो बाईसाहब मैं हूँ. तबियत आज खराब हुई है. चालू करवाइए."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांच्यातल्या म्हातारीनं एक घमेलं उपडं करून पुढे सरकवलं, "बइठ बहिनी, खड़े झन रह."

उभी राहू नको म्हणत होती ती; मी बसले आणि गाणं सुरू झालं. आमच्या दारातून आवाज आला, "मुकादमीण झाली वं आमची सून!"

संध्याकाळी यजमान चिडले. "लोक काय म्हणतीन? कावून गेली तिथं?"

"नाडी तुमची हाय का माही?" मी वही पुढे टाकली.

ते बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "घड्याळ पाच मिनिटं मागं चालून राहिलं."

"मिनिटाले साठ सेकंद बरोबर हायेत."

शेवटचं क्वार्टर होईपर्यंत मी रोज दुपारी त्या घमेल्यावर बसले. बायका दुसऱ्या सेक्टरला गेल्या तेव्हा अर्धी गाणी मला पाठ झाली होती. अर्थ निम्म्यांचाच कळत होता.

कळा नऊ तास चालल्या. मी गात होते, आणि माझा गळा चांगला नाही.

"ये अस्पताल है, चुप रहिए," नर्स म्हणाली.

"कागज पर लिख लीजिए, मरीज सुनती नहीं."

मुलगी पुऱ्या दिवसांची झाली, सहा पौंड दोन औंस, आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, पोथी पावली. निघताना डॉक्टरीणबाईंसमोर मी वही ठेवली. त्यांनी चाळून हसत परत दिली. "गाण्यानं कुठे असं होतं?"

एका बाळंतपणावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण मोजल्याशिवाय नाही म्हणणं मला मान्य नाही.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "पुढची बाई येईल, तिची तुम्ही मोजा."